एका तासिकेत एकच काम : वर्गात क्लाउड ॲप वापरण्याची रीत

शाळेची तासिका ३५ ते ४० मिनिटांची असते. त्यातली पाच मिनिटे हजेरीत आणि मुले जागेवर बसण्यात जातात. ज्या दिवशी टॅब किंवा संगणक कक्ष वापरायचा असतो त्या दिवशी आणखी दहा मिनिटे पासवर्ड आठवण्यात, चार्जर शोधण्यात आणि ‘बाई, माझं उघडत नाही’ या गजरात जातात. उरलेल्या वीस-पंचवीस मिनिटांत मुलांनी नेमके काय करायचे आहे हे शिक्षकाने आदल्या दिवशी एका वाक्यात लिहून ठेवलेले नसेल, तर त्या तासाला खडू-फळाच बरा. सोलापुरातील मराठी माध्यमाच्या वर्गात क्लाउडवरची ॲप वापरताना जे जमले, जे फसले आणि जे पुन्हा करावेसे वाटले, त्यावरून ही रीत लिहीत आहे. उदाहरणे बहुतेक गूगलच्या ॲपची आहेत, कारण आपल्याकडच्या अँड्रॉइड फोनमध्ये ती आधीच असतात. मायक्रोसॉफ्टची साधने वापरणाऱ्या शाळांनाही यातील बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

क्लाउड म्हणजे काय, हे मुलांना समजावताना ‘ढग’ असे भाषांतर केले तर ती खिडकीबाहेर पाहतात. मी त्यांना सांगते की ही आत्याच्या घरी ठेवलेली पेटी आहे. किल्ली आपल्याकडे आहे आणि कोणत्याही गावाहून येऊन ती उघडता येते. घर मात्र आत्याचे आहे, तिच्या घरात जागा किती आणि नियम कोणते हे ती ठरवणार. पुढे पासवर्ड, साठवणीची मर्यादा, बंद पडणारी ॲप असे जे जे प्रश्न येतात, ते सगळे या एका दाखल्यात बसतात.

आधी काम ठरवा, मग ॲप

बहुतेक प्रशिक्षणांत ॲपची यादी मिळते आणि शिक्षक त्या यादीला साजेसे उपक्रम शोधत बसतात. हे उलटे आहे. क्लाउडवरच्या ॲपला तीन गोष्टी येतात ज्या फळ्याला आणि वहीला येत नाहीत. एकाच कागदावर एकाच वेळी अनेक हात लिहू शकतात. शाळेत अर्धवट राहिलेले काम घरच्या फोनवर तिथूनच पुढे चालू करता येते. आणि चाळीस जणांची उत्तरे तपासण्याआधीच एका तक्त्यात जमा होतात. ठरवलेल्या कामाला यांपैकी एकाचीही गरज नसेल, तर ते काम वहीतच करावे. शुद्धलेखन, पाढे, भूमितीतील रचना आणि नकाशात रंग भरणे यांसाठी मी कधीही टॅब बाहेर काढत नाही. कविता पाठ करून घेण्यासाठी तर नाहीच नाही.

एका वर्षात एका वर्गाला दोन, फार तर तीन ॲप पुरतात. माहिती गोळा करण्यासाठी फॉर्म, ती मांडण्यासाठी शीट आणि एकत्र लिहिण्यासाठी डॉक, एवढ्यावर सातवीचा वर्ग वर्षभर उत्तम चालतो. दर महिन्याला नवे ॲप आणणाऱ्या शिक्षकाचे कौतुक शिक्षण परिषदेत होते खरे, पण मुलांचा वेळ प्रत्येक वेळी नवे बटण शोधण्यात जातो आणि विषय बाजूला राहतो.

एक उपक्रम जवळून : पाण्याची नोंद

सोलापूर शहरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते, आणि कोणत्या भागात कधी येणार हा घराघरांतला रोजचा विषय असतो. सातवीच्या गणितात सरासरी शिकवताना पुस्तकातील धावांच्या सरासरीऐवजी हाच विषय घेतला, तर मुले आकडे स्वतःहून आणतात. शिवाय चाळीस घरांतून वेगवेगळ्या दिवशी येणारी माहिती एका ठिकाणी जमवणे हे काम फळ्याला जमणारे नाही. म्हणून क्लाउड इथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो.

फॉर्ममध्ये चारच प्रश्न ठेवावेत : घर कोणत्या भागात आहे, पाणी कोणत्या तारखेला आले, साधारण किती मिनिटे टिकले, आणि दाब कसा होता. पहिल्या वेळी मी भागाचा प्रश्न मोकळा ठेवला होता, म्हणजे मुलांनी स्वतः टाइप करायचे. तीन दिवसांनी शीट उघडले तेव्हा ‘जुळे सोलापूर’, ‘जुळे सोलापुर’ आणि ‘जु. सोलापूर’ अशी तीन वेगवेगळी गावे तयार झाली होती, आणि एकाने ‘आमच्या घरी’ असे प्रामाणिकपणे लिहिले होते. तेव्हापासून भागांची नावे ड्रॉपडाउनमध्येच, म्हणजे निवडायच्या यादीतच, देते : जुळे सोलापूर, विडी घरकुल, अशोक चौक, साखर पेठ, शेळगी, नीलम नगर आणि शेवटी ‘इतर’. जे उत्तर मोजायचे किंवा गटवार लावायचे आहे ते मुलांना कधीही टाइप करू देऊ नये, निवडू द्यावे. हा नियम फॉर्म वापरणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी पाळावा असा आहे.

फॉर्म मुलांपर्यंत पोहोचवण्याचा प्रश्न त्यानंतर येतो. पालकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकलेली लिंक संध्याकाळपर्यंत शुभेच्छांच्या खाली गाडली जाते, आणि लिंक फळ्यावर लिहून उतरवून घेणे तर अशक्यच. सोपा उपाय म्हणजे क्यूआर कोड. संगणकावरील क्रोम ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानाचा क्यूआर कोड त्याच्या शेअरच्या पर्यायातूनच तयार करता येतो. तो छापून मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावा. आपल्या जिल्ह्याला ही युक्ती नवी नाही. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ हा पुरस्कार मिळाला, त्यामागे पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचे त्यांचे काम होते. आज बालभारतीच्या पुस्तकांत असे कोड असतात आणि ‘दीक्षा’ या सरकारी ॲपमधून त्यांचे साहित्य उघडते. या योजनेतील शहाणपण माझ्या मते असे की तिने कागदाला बाजूला सारले नाही. पुस्तक मुलाच्या हातातच राहिले आणि फोन घरात जेव्हा मोकळा होईल तेव्हा वापरला गेला.

फोन मोकळा होणे ही सोलापूरच्या पूर्व भागातील अनेक घरांत खरी अडचण आहे. घरात एकच स्मार्टफोन, तो वडिलांसोबत कारखान्यावर गेलेला, आणि आई विड्या वळत असताना तिच्याकडे असलेला साधा बटणांचा फोन. अशा मुलांना उपक्रमातून वगळले जाऊ नये म्हणून वर्गात दाराजवळ एक साधी वही टांगावी. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी तीच चार उत्तरे वहीत लिहावीत आणि रोज मधल्या सुट्टीत वर्गप्रमुखाने ती शाळेच्या एका टॅबवरून फॉर्ममध्ये भरावीत. वर्गप्रमुख दर आठवड्याला बदलावा. या व्यवस्थेमुळे कोणाकडे फोन आहे आणि कोणाकडे नाही, हे शीटमध्ये कुठेच दिसत नाही, आणि तसेच असायला हवे.

तीन आठवड्यांत शीटमध्ये शे-सव्वाशे ओळी जमतात. या टप्प्यावर लगेच आलेख काढून दाखवण्याचा मोह आवरावा. शीट प्रोजेक्टरवर किंवा स्मार्ट टीव्हीवर लावून प्रत्येक गटाला एक भाग वाटून द्यावा. त्या भागात दोन वेळच्या पाण्यामध्ये किती दिवसांचे अंतर पडले हे मुलांनी वहीत मोजावे आणि सरासरीही हातानेच काढावी. मग शिक्षकाने शीटमध्ये सरासरीचे सूत्र लिहून दाखवावे. दोन्ही उत्तरे जुळली की मुले टाळ्या वाजवतात. जुळली नाहीत की खरा तास सुरू होतो. एका गटाची सरासरी शीटपेक्षा बरीच जास्त आली, तेव्हा शोधता शोधता लक्षात आले की एका मुलाने तारीख पुढच्या महिन्याची निवडली होती, गटाने वहीत ती धरली आणि शीटमधल्या सूत्रातून मी ती ओळ आधीच वगळली होती. चुकीची नोंद काढावी की ठेवावी, काढली तर कोणाला सांगावे, यावर झालेली पंधरा मिनिटांची चर्चा मला त्या घटकातील सर्वांत मोलाची वाटते.

एकाच डॉकमध्ये चाळीस हात

सोलापूरच्या वर्गात मराठी माध्यम असले तरी घरी तेलुगू, कन्नड, दखनी किंवा लमाणी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसलेली असतात. भाषेच्या तासाला मी एक सामायिक डॉक उघडते, त्यात तक्ता करते आणि स्वयंपाकघरातील वस्तूंची नावे प्रत्येकाने आपल्या घरच्या भाषेत भरायला सांगते. ज्वारीला तेलुगूत जोन्नलु आणि कन्नडमध्ये जोळ, हे भरून होते. मिठाच्या ओळीत मात्र तेलुगू आणि कन्नड या दोन्ही रकान्यांत ‘उप्पु’ येते, आणि दोन वेगवेगळ्या बाकांवरील मुले एकमेकांकडे वळून पाहतात. तो क्षण सगळे एकाच कागदावर एकाच वेळी लिहीत असल्यामुळेच येतो.

परंतु हेच साधन सर्वांत लवकर बिघडते. पहिल्या वर्षी मी सर्वांना संपादनाचा अधिकार देऊन मोकळी झाले, आणि अकराव्या मिनिटाला अख्खा तक्ता नाहीसा झाला. कोणीतरी सगळे निवडून एक अक्षर दाबले होते. मुले खात्याशिवाय, नुसत्या लिंकवरून आत आली असतील तर डॉक त्यांना ‘अनामिक’ प्राण्यांच्या नावांनी दाखवते, त्यामुळे कोणी केले हे कळण्याचा मार्ग नव्हता; त्या प्राण्यांची चित्रे पाहून वर्ग हसत होता आणि मी घामाघूम झाले होते. त्या दिवशी ज्यांनी खूप लिहिले होते ती मुले रडवेली झाली. उपाय माहीत असता तर अर्धा मिनिट पुरले असते : फाइल मेनूमधील व्हर्जन हिस्टरी उघडून पुसले जाण्याआधीची आवृत्ती निवडायची आणि ती पुन्हा आणायची. आता वर्षाच्या पहिल्याच तासाला मी मुद्दाम मुलांसमोर एक डॉक पुसून टाकते आणि ते परत आणून दाखवते. एकतर भीती जाते. दुसरे म्हणजे, प्रत्येक बदलाची नोंद राहते हे कळल्यावर खोड्या आपोआप कमी होतात.

सामायिक फाइल देण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. मुलांनी हे फक्त वाचायचे आहे का? मग पाहण्याचाच अधिकार द्यावा. त्यांनी मत द्यायचे आहे का? मग टिप्पणीचा. सर्वांनी मिळून एकच गोष्ट तयार करायची आहे का? तेवढ्याच वेळी संपादनाचा अधिकार द्यावा, आणि तोही प्रत्येक गटाची ओळ किंवा पान आधी आखून. शीटमध्ये मथळे आणि सूत्रे असलेले रकाने संरक्षित करता येतात. ते करून ठेवले तर मुलांच्या हातून सूत्र पुसले जात नाही.

प्रत्येकाला स्वतःची स्वतंत्र प्रत हवी असेल, उदाहरणार्थ कार्यपत्रिका, तर गूगल क्लासरूममध्ये काम देताना ‘प्रत्येक विद्यार्थ्यासाठी प्रत तयार करा’ हा पर्याय निवडावा. तो काम पाठवण्याआधीच निवडावा लागतो. पाठवून झाल्यावर आठवले तर उपयोग नाही. क्लासरूम वापरत नसाल, तर डॉकच्या लिंकमध्ये शेवटी येणारा ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द आणि त्यापुढचे सगळे काढून तिथे इंग्रजीत ‘कॉपी’ लिहावे. ती लिंक उघडणाऱ्याला मूळ फाइल न दिसता थेट प्रत करण्याचे बटण दिसते. मात्र त्यासाठी उघडणाऱ्याचे खाते असावे लागते.

नेट आणि वीज नसतानाची तयारी

ज्या तासाला नेट गेल्यावर काय करायचे हे ठरलेले नाही, तो तास क्लाउडवर घेऊ नये. डॉक, शीट आणि स्लाइड या तिन्ही गोष्टी नेटशिवाय उघडता आणि लिहिता येतात, पण ती सोय नेट असतानाच सुरू करून ठेवावी लागते : संगणकावर ड्राइव्हच्या (म्हणजे गूगलवरच्या फाइल साठवण्याच्या जागेच्या) सेटिंगमधून, आणि फोनवर त्या त्या फाइलपुढील तीन टिंबांत असलेल्या ‘ऑफलाइन उपलब्ध’ या पर्यायातून. नेट परत आले की लिहिलेले आपोआप वर चढते. फॉर्मचे तसे नाही. नेट नसेल तर तो भरून पाठवता येत नाही. म्हणून फॉर्मवर चाचणी ठेवली असेल तर तिची छापील प्रत, निदान फळ्यावर लिहिता येईल अशी, टेबलाच्या खणात असावी. ‘दीक्षा’वरील चित्रफिती आदल्या रात्री घरच्या वाय-फायवर उतरवून ठेवाव्यात आणि वर्गात उतरवलेलीच दाखवावी.

डाटाचा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा, तो गणिताचाही भाग होतो. फोनने काढलेला एक फोटो साधारण तीन-चार एमबीचा असतो. ४० मुलांनी वहीच्या पानाचा एकेक फोटो चढवला तर दीडशे एमबीच्या आसपास गेले. तेच उत्तर टाइप केले असते तर सगळ्या वर्गाचे मिळून एका फोटोएवढेही झाले नसते. त्यामुळे फोटो मागवायचे ते चित्र, प्रयोग आणि हस्ताक्षर यांचेच. शिक्षकाच्या फोनच्या हॉटस्पॉटवर सगळे टॅब एकदम जोडण्यापेक्षा पाच-पाच मुलांच्या गटाला एक टॅब द्यावा. नेटवरचा ताण कमी होतो आणि एक जण टाइप करत असताना बाकीचे चौघे वाद घालतात, जे शिकण्याच्या दृष्टीने चांगलेच आहे.

मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते, तेव्हा क्लाउडचे तास पहिल्या दोन तासिकांत घ्यावेत. ऊन चढल्यावर पत्र्याच्या खोलीत टॅब तापून बंद पडतात. मुलेही तापलेली असतात.

मराठी लिहिताना येणाऱ्या अडचणी

अनेक शाळांत जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या आहेत. त्या ड्राइव्हवर चढवून डॉकमध्ये उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी दिसते. फाइल बिघडलेली नसते. ते फाँट यूनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारखीच कळणारी अक्षरपद्धत, वापरत नाहीत आणि क्लाउडवर ते उपलब्ध नसतात एवढेच. जुना मजकूर रूपांतर करणाऱ्या साधनातून यूनिकोडमध्ये आणावा आणि नंतर रफार, जोडाक्षरे नि वेलांट्या डोळ्यांनी तपासाव्यात, कारण चुका तिथेच होतात. नवे सगळे काम मात्र यूनिकोडमध्येच सुरू करावे. संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला पंधरा दिवस लागतात आणि तो आयुष्यभर पुरतो. फोनवर मुले बोलून टाइप करणे पसंत करतात, त्याला माझी हरकत नाही. पण त्यानंतर आपलेच वाक्य वाचून विरामचिन्हे घालणे सक्तीचे करावे. यंत्राने ऐकलेले मराठी सुधारताना मुलांना शुद्धलेखनाची गरज प्रथमच स्वतःची वाटू लागते.

फॉर्मवर चाचणी घेताना एका गोष्टीने माझ्या वर्गात चांगलाच घोळ घातला. लहान उत्तराच्या प्रश्नाला उत्तरसूची दिली की फॉर्म अक्षराला अक्षर जुळवून पाहतो. सूचीत फक्त ‘25’ लिहिले असेल तर ‘२५’ लिहिणारा चूक ठरतो. ‘उजनी’ असेल तर ‘उजनी धरण’ लिहिणारीही. गुण पाहून नाराज झालेल्या एका मुलीने आपली वही आणून दाखवली तेव्हा मला हे कळले, आणि तिची माफी मागून मी सगळ्यांचे गुण पुन्हा लावले. त्यामुळे लहान उत्तराच्या प्रश्नात देवनागरी आणि इंग्रजी अशा दोन्ही अंकांतील उत्तरे, तसेच ऱ्हस्व-दीर्घाचे मान्य पर्याय सूचीत आधीच घालावेत, नाहीतर बहुपर्यायी प्रश्न ठेवावेत. शीटमध्ये गुण भरताना तर इंग्रजी अंकच वापरावेत. देवनागरी अंकांना शीट मजकूर समजते आणि ते बेरजेत धरत नाही. निकालाच्या आदल्या रात्री बेरीज चुकीची येण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

खाती, संमती आणि माहितीची काळजी

वैयक्तिक गूगल खाते उघडण्यासाठी भारतात वय किमान १३ वर्षे लागते. त्यामुळे पाचवी-सहावीच्या मुलांना खोटी जन्मतारीख घालून खाती उघडून देणे, जे सर्रास होते, ते करू नये. एकतर मुलांना पहिल्याच पायरीवर खोटे लिहायला शिकवले जाते. शिवाय सहा महिन्यांनी पासवर्ड कोणालाच आठवत नाही. लहान वर्गांसाठी खात्याशिवाय भरता येणारा फॉर्म पुरेसा आहे. त्यात फाइल चढवण्याचा प्रश्न ठेवू नये, कारण त्यासाठी खाते लागतेच. शाळेचे स्वतःचे संकेतस्थळ असेल तर गूगलची शिक्षणासाठीची मूळ आवृत्ती मान्यताप्राप्त शाळांना मोफत मिळते. त्यात शाळा स्वतः मुलांची खाती तयार करते, वयानुसार निर्बंध घालते, आणि विसरलेला पासवर्ड पाच मिनिटांत बदलून देऊ शकते. वैयक्तिक खात्याला मोफत मिळणारी जागा १५ जीबी, आणि तीही मेल, ड्राइव्ह नि फोटो मिळून. शाळेच्या व्यवस्थेत संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी मिळते. शिक्षकाच्या स्वतःच्या खात्यावर वर्गाचे फोटो चढत गेले की एक दिवस त्याला मेल येणेही थांबते.

डिजिटल वैयक्तिक डाटा संरक्षण अधिनियम, २०२३ याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. जूनमधील पहिल्या पालकसभेतच एक साधे, एका पानाचे संमतिपत्र मराठीत द्यावे : कोणती ॲप वापरणार, मुलाची कोणती माहिती त्यात जाणार, ती कोण पाहणार आणि वर्षअखेर तिचे काय होणार. ज्या पालकांना वाचता येत नाही त्यांना ते वाचून दाखवावे आणि गरज पडली तर तेलुगूत किंवा कन्नडमध्ये समजावून सांगावे. त्या सभेत मदतीला येणारी एखादी आई सापडतेच. आधार क्रमांक, जात, घरचा पूर्ण पत्ता, मुलाचे आजार या गोष्टी लिंकवरून उघडणाऱ्या शीटमध्ये कधीही असू नयेत. ‘लिंक असणारा कोणीही’ याचा अर्थ खरोखरच कोणीही असा होतो, आणि लिंक एका गटातून दुसऱ्या गटात जायला वेळ लागत नाही. गुण परत देताना सगळ्या वर्गाचे पत्रक गटात टाकू नये, ज्याचे त्याला द्यावे.

संगणक कक्षात एकामागून एक वर्ग येतात, म्हणून तास संपण्याआधी दोन मिनिटे राखून ठेवावीत आणि सर्वांनी खात्यातून बाहेर पडल्याची खात्री करावी. ब्राउझरची अतिथी (गेस्ट) खिडकी वापरली तर ती बंद करताच सगळे पुसले जाते, ती सवय अधिक चांगली. शिक्षकाच्या खात्याला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, असावी. आपल्या एका खात्यात चाळीस घरांची माहिती असते.

तपासणी

क्लाउडवर तपासताना शिक्षकाने मुलाचे वाक्य स्वतः सुधारून देऊ नये. सुधारणे इतके सोपे असते की हात आपोआप जातो, आणि मुलाला नुसतेच स्वच्छ झालेले पान दिसते. सुचवणीची पद्धत सुरू करून बदल सुचवावा किंवा समासात प्रश्न लिहावा : ‘हे कोणी सांगितले?’, ‘इथे दुसरा शब्द चालेल का?’ एका निबंधाला दोनच टिप्पण्या, त्यांतली एक चांगल्या जागेवर. मुलाने उत्तर दिल्याशिवाय टिप्पणी बंद करायची नाही, असा नियम ठेवला तर संवाद चालू राहतो. रात्री अकरा वाजता टिप्पण्या लिहू नयेत. घरच्या फोनवर सूचना वाजते आणि सकाळी पालक विचारतात.

वर्ष संपताना

क्लाउडवरची कोणतीही गोष्ट कायमची नाही, हे गृहीत धरून वर्ष संपवावे. अनेक शिक्षकांचा आवडता असलेला गूगलचा डिजिटल फळा, जॅमबोर्ड, ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाला. ज्यांनी आपले फळे पीडीएफ करून ठेवले होते त्यांचे काम शिल्लक राहिले. मार्चअखेर प्रत्येक उपक्रमाची महत्त्वाची फाइल पीडीएफ किंवा एक्सेलमध्ये उतरवून शाळेच्या संगणकावर आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवावी. ड्राइव्हमधून काढून टाकलेली फाइल कचराकुंडीत ३० दिवस राहते, त्यानंतर ती मिळत नाही. सुट्टी संपून जूनमध्ये शोधायला गेल्यास उशीर झालेला असतो.

जिल्हा परिषदेच्या शाळांत बदलीचा प्रश्नही असतो. फाइल ज्याच्या खात्यावर तयार झाली त्याच्या मालकीची राहते, आणि गुरुजींची बदली सांगोल्याला झाली की वर्गाची सगळी शीट त्यांच्याबरोबर सांगोल्याला जातात. बदलीचा आदेश हाती येताच शेअरच्या खिडकीतून मालकी दुसऱ्या शिक्षकाकडे हस्तांतरित करावी आणि त्याने ती स्वीकारल्याचे पाहावे. नुसता संपादनाचा अधिकार देऊन भागत नाही. पहिल्यापासूनच शाळेच्या नावाच्या खात्यावर फाइल केल्या असतील, तर हा खटाटोप लागत नाही. त्या खात्याचा पासवर्ड आणि पडताळणीचे राखीव कोड एका पाकिटात घालून, पाकिटावर तारीख टाकून, ते मुख्याध्यापकांच्या कपाटात जनरल रजिस्टरशेजारी ठेवावे. निकाल वाटून झाला की जुन्या फॉर्मचे ‘प्रतिसाद स्वीकारणे’ बंद करावे, मुलांची नावे असलेल्या ज्या फाइल पुढे लागणार नाहीत त्या पुसाव्यात, आणि कोऱ्या फॉर्मची एक प्रत जूनच्या वर्गासाठी करून ठेवावी, भागांच्या ड्रॉपडाउनसकट.